दुबार

शर्टाच्या आतल्या शिवणीला, अगदी खालच्या टोकाशी, एक जादा बटण शिवलेलं असतं. ते कुणी लावत नाही.

ऑफिसच्या तळघरात, वीज गेली तर असाव्यात म्हणून ठेवलेल्या बॅटऱ्यांना घामेजलेल्या मुठीतल्या नाण्यांसारखा वास येतो.

"दाबलं."
"मिळालं."
"मग ठेवू?"
"ठेवा."

मावशीनं आज चहात साखर घातली, ढवळली, कुणाशी तरी बोलली, मग पुन्हा साखर घातली, ढवळली आणि काहीच न कळता पिऊन टाकला.

एक नवरा-बायको मिठाच्या डब्यावरून भांडताहेत. खोलीत माणूस एकच आहे.

पडद्यावर लाल पट्टी. पट्टीवर घराचा क्रमांक. त्याच्यापुढे : मदत, बटण. त्याच्याही पुढे, राखाडी अक्षरांत, सहज नजरेआड व्हावं इतक्या बारीक : चाचणी.

लाल पट्टी वर आली त्या क्षणी तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो मुख्य यंत्राच्या कपाटाकडे बघत होता. कपाटाचं दार उघडं होतं आणि इतकी वर्षं एकसारखे मिचमिचणारे त्यातले हिरवे दिवे पहिल्यांदाच विझलेले होते. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं तरी नजर त्या रिकाम्या खिळ्याकडे जात राहते, तशी त्याची नजर तिकडे जात होती. मागे हॉल नेहमीसारखा बोलत होता. या हॉलात शहरभरातल्या घरांच्या, दुकानांच्या, गोदामांच्या हाका येतात. कुठं कुलूप तुटलं, कुठं धूर झाला, कुठं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं गळ्यातलं बटण दाबलं, की इथं पट्टी उमटते आणि कानाला हेडफोन लावलेली माणसं त्या घरी फोन करतात, कुणीतरी पाठवतात. त्याचं काम एवढंच की हा हॉल कधी बहिरा होऊ नये. म्हणून त्यानं मुख्य यंत्राच्या शेजारी दुसरं यंत्र उभं केलं होतं. ते सगळं ऐकत असे, सगळं लक्षात ठेवत असे आणि गप्प बसत असे. आज दुपारी मुख्य यंत्राचे जुने भाग बदलायला काढले होते आणि पहिल्यांदाच सगळं शहर त्या दुसऱ्या यंत्रावर टाकलं होतं. साहेब हाताची घडी घालून उभे होते. काहीच झालं नव्हतं. काहीच झालं नाही हेच यश, आणि हे यश कसं दिसतं हे कुणालाच माहीत नसल्यामुळे सगळे अवघडून उभे होते, फोटो काढणारा "झालं" म्हणायचा विसरला की माणसं उभी राहतात तसे.

"अहो बॅकअप," मावशी म्हणाली.

सगळे त्याला बॅकअपच म्हणत. खरं नाव बहुधा पगाराच्या चिठ्ठीलाच माहीत होतं. मावशीही कुणाची मावशी नव्हती. ती सगळ्यांत जुनी ऑपरेटर होती, आणि रात्री घाबरून फोन करणाऱ्या माणसांना ती "हं, बोला, मी आहे" असं म्हणायची, त्यावरून ते नाव पडलं होतं.

"हे बघा बरं जरा. बटण दाबलंय, पण चाचणीवर आहे म्हणतंय. सोडून देऊ?"

त्यानं क्रमांक वाचला. तो घराचा क्रमांक बाबांचा होता.

"आज वार काय?"

"सोमवार. का, सुट्टी हवीय?"

सोमवार. बाबांची चाचणी गुरुवारी असते. त्याला एकदम वाटलं की आपण वार चुकतोय, म्हणजे मावशी चुकतेय, म्हणजे आज गुरुवारच असला पाहिजे आणि आपणच बाबांना दाबायला सांगितलं असणार. आता फोन उचलला तर पलीकडून बाबांचा आवाज येईल, दाबलं, आणि आपण म्हणू, मिळालं. यंत्र बनवताना एक खरं घर लागतं. खोट्या हाका कितीही सोडा, यंत्र त्या मुकाट ऐकतं. खऱ्या घरातली जुनी फोनची तार, भिंतीतली ओल, मधेच गायब होणारं मोबाइलचं नेटवर्क, हे सगळं खोट्या हाकेत येत नाही. म्हणून त्यानं बाबांचं घर घेतलं होतं. आई गेल्यावर बाबा एकटेच होते, त्यांना बटण द्यायचंच होतं, एका कामात दोन कामं. बाबा आयुष्यभर शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. पहिल्यांदा बटण गळ्यात घातलं तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "याला काज कुठंय?" मग म्हणाले, "गाईच्या गळ्यात बांधतात तसं वाटतंय." मग लगेच, किंचित चढ्या आवाजात, आईच्या आवाजात, "मग काय झालं, निदान सापडाल तरी." आणि पुन्हा स्वतःच्या आवाजात, "तू गप्प बस." गुरुवारच्या चाचणीसाठी ते इस्त्रीचा शर्ट घालत. हे त्याला फार उशिरा कळलं होतं. फोनवर त्यानं गमतीत विचारलं होतं, काय चाललंय, आणि ते म्हणाले होते, कपडे करतोय, आज आपलं आहे ना.

"बॅकअप, सांगा ना. खरी की खोटी? मला पट्टी बंद करायचीय."

ते त्याला सांगता येईना. बाबांनी आत्ता दाबलं असेल. पण तसंच असेल असं नाही, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं त्यानंच करून ठेवलं होतं. दुसरं यंत्र जागं होतं तेव्हा आधी मुख्य यंत्राचं सगळं चाळून बघतं. आपण ऐकलेली पण तिकडे कुणी उत्तर दिल्याची खूण नसलेली एखादी हाक सापडली, की ते ती नव्यानं पडद्यावर आणतं. शंका असेल तर पुन्हा सांगावं, हा त्याचा नियम. साहेबांनी त्यावर वाद घातला होता, शिळ्या हाका कशाला उगाळायच्या म्हणून, आणि तो हट्टाला पेटला होता. मात्र पट्टीवर वेळ उमटते ती पडद्यावर आल्याची. हाक कधी मारली त्याची नाही. ते नंतर करू म्हणून राहून गेलं होतं. म्हणजे ही हाक आत्ताची असू शकते. गुरुवारची असू शकते. पण गुरुवारच्या हाकेला तर त्यानं स्वतः उत्तर दिलं होतं, मिळालं म्हणाला होता, समोर खूण केली होती, मग ती उरली कशी? उत्तर दिलेली हाक पुन्हा कशी येईल? म्हणजे आत्ताची. म्हणजे बाबा आत्ता. पण मग चाचणीच्या घरातून बाबा वेळ नसताना बटण दाबतील का? बाबा वेळेचे पक्के आहेत. बाबा वेळेचे पक्के होते. अलीकडे एक गोष्ट ते दोनदा सांगत, आणि दुसऱ्यांदा सांगताना "तुला सांगितलं का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता सांगत. त्याला ते ऐकताना वाटे, हरवू नये म्हणून दोन वाटांनी पाठवताहेत.

दोन वाटांनी. बाबांच्या घरातली प्रत्येक हाक दोन वाटांनी येते, जशी सगळ्याच घरांतली : एक तारेतून, एक हवेतून. एक वाट तुटली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही धड असल्या की एकच हाक दोनदा पोचते, आणि मग यंत्र पहिली पट्टी दाखवतं, दुसरीवर "दुबार" असा शिक्का मारून ती बाजूला टाकतं. पूर्वी यंत्र अगदी थोडाच वेळ वाट बघायचं. पण हवेतली वाट कधीकधी रेंगाळते, हाक फार मागून येते, आणि मावशी एकाच घरी पुन्हा फोन करून पुन्हा शिव्या खायची. "अहो, त्या आजोबांनी मला विचारलं, तू बहिरी आहेस का विसरभोळी? एकदाचं ठरव म्हणाले," असं तिनं तावातावानं सांगितलं होतं. मग त्यानं मुख्य यंत्राचा वाट बघायचा वेळ वाढवला होता; दुसऱ्या यंत्राचा तसाच राहिला होता. चांगला ऐसपैस. त्या वेळात त्याच घरातून, त्याच बटणाची काहीही हाक आली तरी ती दुबार. मावशी खूष झाली. तिनं त्याला बिस्किटांचा पुडा आणून दिला होता. पुड्यातली बिस्किटं दोन रांगांत होती, हे त्याला आत्ता, या क्षणी, काही कारण नसताना आठवलं.

त्यानं बाबांना फोन लावला. वाजत राहिला. बाबा फोन कापडांच्या ढिगाखाली ठेवतात, गळ्यात बटण आणि हातात फोन म्हणजे पोस्टमन दिसतो म्हणतात. त्यानं पुन्हा लावला. वाजत राहिला.

"उचलत नाहीत?" मावशीचा आवाज बदलला होता. तो रात्रीचा आवाज होता.

"गुरुवार सोडून ते उचलतच नाहीत."

"मग माणूस पाठवू?"

"चाचणीच्या घरी माणूस जात नाही. यंत्र सोडणार नाही."

"यंत्राचं राहू द्या. तुम्ही जा ना."

साहेबांनी हाताची घडी सोडली. "आत्ता? मुख्य यंत्र आतडी काढल्यासारखं उघडं पडलंय. सगळं शहर तुझ्या त्या पोरावर आहे, आणि तू चाललास?"

"ते चालतंय, साहेब."

"आणि नाही चाललं तर? त्याच्यामागे कोण आहे?"

हा प्रश्न त्याला कळला, आणि तो किती बरोबर आहे हेही कळलं. दुसऱ्याच्या मागे तिसरं नव्हतं. त्याच्यामागे तो स्वतःच होता. तो जिना उतरताना मोजत होता की आपण काय सोडून चाललोय, आणि त्याला मोजता येत नव्हतं. घरं, दुकानं, गोदामं, धूर, कुलपं, गळ्यांतली बटणं, सगळं एका घराच्या पारड्यात टाकलं तर पारडं कुठं झुकतं. साहेब वरून काहीतरी म्हणाले. मावशी साहेबांना काहीतरी म्हणाली. दोन वाटांनी दोन वाक्यं आली आणि त्याला एकही कळलं नाही.

टॅक्सी मिळाली. टॅक्सीवाल्याच्या शर्टाचं वरून तिसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं. बाबांनी हे पाहिलं असतं तर बाबा अस्वस्थ झाले असते. लहानपणी त्याचं बटण तुटलं की आई शिवणीतलं जादा बटण कापून वर लावायची, आणि बाबा तिच्यावर चिडायचे. "ते वापरायचं नसतं गं." "मग असतं कशाला?" "असावं म्हणून." "असावं म्हणून काय असतं? उघडा हिंडेल का तो?" आता ही दोन्ही वाक्यं बाबाच म्हणतात. आई गेल्यावर काही दिवसांनी ते सुरू झालं. तो त्यांच्याकडे गेला होता, बाहेरूनच त्याला भांडण ऐकू आलं, मिठाचा डबा कुणी हलवला यावरून, आणि तो दाराशीच थांबला, कारण आईचे शब्द जसेच्या तसे होते, तिचं ते "म्हणजे मीच का?" सुद्धा. आत बाबा एकटे उभे होते आणि डबा त्यांच्याच हातात होता. डॉक्टर म्हणाले, करमणूक आहे, करू द्या. पण त्याला कधीकधी वाटे, करमणूक नाही ही. हे चालू ठेवणं आहे. एक बंद पडलं म्हणून दुसऱ्यानं दोघांचं उचललंय. आणि जर बाबांचं... मग त्यांच्यामागे कोण. लाल पट्टी वर आली त्या क्षणी तो पडद्याकडे बघतच नव्हता. हे वाक्य त्याच्या डोक्यात पुन्हा आलं, जसंच्या तसं, आणि ते आत्ताचं आहे की मघाचं हे त्याला ठरवता येईना. समजा बाबा पडलेत. समजा पडले नाहीत, नुसतं करमेना म्हणून दाबलंय. समजा दाबलंच नाही. तिन्ही बाबा त्याला एकदम दिसत होते, एकाच खोलीत, एक जमिनीवर, एक खुर्चीत, एक दार उघडायला येताना. आणि त्यातले कोणते खरे हे ठरेपर्यंत तिघांनाही तसंच धरून ठेवायला हवं होतं.

"घाई आहे का साहेब?" टॅक्सीवाला म्हणाला.

"माहीत नाही."

टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं. "माहीत करून घ्या. तसं चालवतो."

दाराशी त्यानं बेल दाबली. आत काहीही हललं नाही. मग काहीतरी हललं. पावलं, थांबणं, पावलं. कडी काढायला फार वेळ लागला, कडी वर सरकून पुन्हा खाली पडल्याचा आवाज आला, आणि बाबा म्हणाले, "आलो, आलो, कोण पळून चाललंय?" दार उघडलं. बाबा उभे होते. त्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तो शर्ट चुरगळला होता. गळ्यात बटण होतं.

त्याला पहिल्यांदा दिसली ती कडा. बाबांच्या उजव्या मनगटाला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळली होती, आणि त्या पट्टीची कडा वाकडी होती. बाबांनी कापलेल्या कापडाची कडा त्यानं जन्मात कधी वाकडी पाहिली नव्हती. ती डाव्या हातानं कापली होती हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानंतर, बऱ्याच वेळानं असं त्याला वाटलं, हात दिसला. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. सुजेवरचा निळेपणा पिवळा पडायला लागला होता. ताजा मार पिवळा नसतो.

"हे काय?"

"हात."

"बाबा."

"स्टुलाला विचार. जुनं झालंय ते." बाबा वळून आत चालू लागले. "ये. चहा करतो. म्हणजे तूच कर, मला झाकण निघत नाही."

"कधी झालं?"

"मधे."

"मधे म्हणजे कधी? आज?"

"आज काय वार आहे?"

"सोमवार."

"मग आज नाही." बाबा खुर्चीत बसले, डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. मग चढ्या आवाजात म्हणाले, "सांगा की त्याला नीट." आणि खाली येऊन, "सांगायचं काय त्यात? आलाय तर."

तो त्यांच्यापुढे खाली बसला. बटण त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत होतं. "बाबा, हे तुम्ही आज दाबलंत का?"

"आज कशाला दाबेन? आपलं गुरुवारी असतं."

"मग गुरुवारी दाबलंत."

"दाबलं की. तूच म्हणालास ना मिळालं."

"हो."

"मग झालं तर." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तक्रार नव्हती. फार वेळ स्टेशनवर थांबलेल्या माणसाला गाडी आल्यावर जी एक साधी सुटका वाटते, ती होती. "तुला यायला उशीर झाला," ते म्हणाले. "ट्रॅफिक होता का?"

"हो," तो म्हणाला. आपण कशाला हो म्हणालो ते त्याला कळलं नाही.

"म्हटलंच. ती म्हणत होती, विसरला. मी म्हटलं, विसरेल कसा, यंत्र त्याचंच आहे. कळलं असणार, कामात असेल, फार काही नाही असं वाटलं असेल. पुन्हा कशाला त्रास द्यायचा?" मग त्यांनी मान कलती केली आणि आई जशी शेवटचं वाक्य स्वतःकडे ठेवायची तशा आवाजात म्हणाले, "त्रास म्हणे."

त्यानं तो हात हातात घेतला. तो गरम होता. डॉक्टरकडे जायला हवं, हे एक वाक्य त्याच्या डोक्यात सरळ उभं होतं, आणि त्याच्याभोवती बाकीची वाक्यं गोल फिरत होती : शर्ट गुरुवारचा आहे, उत्तर दिलेली हाक पुन्हा येत नाही, ऐसपैस. बिस्किटं. तो उठला, बाबांच्या चपला शोधू लागला, एक सापडली, दुसरी स्टुलाखाली होती. स्टूल आडवंच पडलेलं होतं. ते कुणी उचललं नव्हतं.

खिशात फोन वाजला.

"अहो बॅकअप," मावशी म्हणाली. मागे हॉल नेहमीसारखा बोलत होता. शहर चालू होतं, कुणाला काही कळलं नव्हतं. "साहेब म्हणताहेत ठीक चाललंय, पण तुमची ती पट्टी अजून उघडीच आहे. आजोबा बरे आहेत ना? मी काय लिहू? खरी की खोटी?"

"थांबा."

"थांबते. पण काहीतरी लिहावं लागेल."

बाबा डाव्या पायात उजवी चप्पल घालत होते. त्यानं फोन खांद्याला दाबून धरला, खाली वाकला आणि चप्पल काढून बरोबर पायात घातली.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं. "तुझ्या ऑफिसातलं? सांग त्यांना, मिळालं म्हणून."

गुरुवारी, "ठेवा" म्हणून त्यानं फोन ठेवल्यानंतर, त्या ऐसपैस वेळातच, स्टुलावरून पडल्यावर बाबांनी बटण आणखी एकदा दाबलं होतं.